कॉलेजच्या आधी पीपीएल काढावं का?

अमेरिकेत एव्हिएशनची डिग्री करायची आहे, तर प्रायव्हेट पायलट लायसन्स आधीच काढावं का? जमत असेल तर जरूर काढा! १६ व्या वर्षी सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, करता येतं, १७ व्या वर्षी लायसन्स. नियमाने किमान ४० तास, पण बहुतेकांना जास्तच लागतात. पहाटे सेसना १७२ विमानाच्या पंखाखाली उभं राहायचं, निळं इंधन छोट्या नळीत काढून उजेडाकडे धरायचं, तळाशी पाण्याचा थेंब आहे का बघायचं. हे रोज करायला आवडतं का, ते कॉलेजची फी भरण्याआधी कळलेलं फार बरं.

कॉलेजबाहेर करायचं ते मात्र फक्त प्रायव्हेट. मान्यताप्राप्त पदवीमुळे एअरलाइनमध्ये सह-वैमानिक होण्यासाठीच्या रिस्ट्रिक्टेड एटीपी लायसन्सला १५०० ऐवजी १००० तास पुरतात, पण त्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि कमर्शियल लायसन्सचं प्रशिक्षण कॉलेजच्याच कार्यक्रमात व्हावं लागतं. घाईघाईने तेही बाहेर उरकलंत, तर ही सवलत हातची जाईल. बाहेरच्या लायसन्सला किती क्रेडिट मिळेल, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

आणि पहिला खर्च उड्डाणावर नको, फर्स्ट क्लास मेडिकल तपासणीवर करा. रंग ओळखण्यात अडचण असेल, तर ती तिथेच कळते.