जखम भरली, पुढे?

अपघातात पाय गमावलेले किंवा भाजलेले मूल दवाखान्यातून घरी आले की पाहुण्यांची रीघ लागते. कोणी डोक्यावरून हात फिरवतो, कोणी उशाखाली नोट ठेवतो आणि ‘बिचारं’ हा शब्द त्याच्या देखत उच्चारला जातो. हेतू चांगलाच असतो. पण तुला काय वाटते, हे त्या मुलाला विचारणारा क्वचितच भेटतो.

लहान मूल झाल्या गोष्टीचे कारण पुष्कळदा स्वतःतच शोधते. आईचे ऐकले नाही म्हणून ही शिक्षा झाली, असे पाच-सहा वर्षांचे मूल मनाशी धरून बसते आणि कोणाला सांगत नाही. मग ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडत नाही, खेळण्यातल्या गाड्यांची तीच ती टक्कर लावत राहते. हा हट्ट नव्हे. मनात अडकलेले ते असे बाहेर काढत असते. ‘तुझी चूक नव्हती’ हे त्याला पुन्हा पुन्हा ऐकवावे लागते. कापलेला पाय दुखतो, असे ते म्हणाले तर घरचे घाबरतात. ती वेदना खरी असते आणि तिच्यावर उपचार आहेत.

‘काही दुखणार नाही’ म्हणून ड्रेसिंगला नेलेले मूल पुढच्या वेळी कोणावरच विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा थोडे दुखेल, हे सांगावे. पट्टी कोणत्या बाजूने सोडायची, कुणाचा हात धरायचा, हे त्याला ठरवू द्यावे. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हा खेळ तयार केला. ड्रेसिंग चालू असताना रुग्ण डोळ्यांवरच्या यंत्रात बर्फाच्या दरीत शिरतो, हिमगोळे फेकतो आणि वेदना कमी जाणवते. ते यंत्र जवळ नसले तरी लक्ष दुसरीकडे वळवण्याची युक्ती घरातही चालते. गोष्ट रंगवून सांगणारी नानी असेल तर उत्तमच.

सुधा चंद्रन यांचे उदाहरण अशा घरात हटकून निघते. 1981च्या अपघातानंतर पाय गमावूनही त्या जयपूर फूटवर नाचल्या. 1986 साली ‘नाचे मयूरी’ आला. उदाहरण मोठे आहे, पण आज धड उभेही राहता न येणाऱ्या मुलाला ते रोज ऐकवले तर धीर येण्याऐवजी धाकच वाटतो.

खरी कसोटी शाळेत परतण्याची. 2016च्या कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण वर्गातल्या नजरांवर कायदा चालत नाही. शिक्षकांनी आधी त्या मुलाला विचारावे, वर्गाला काय सांगायचे आणि काय नाही, आणि तेवढेच सांगावे. आई-बापही आतून खचलेले असतात. त्यांना बोलण्यासाठी ‘टेलि-मानस’चा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

रमजानचा महिना घ्या. आजाऱ्याला आणि लहान मुलांना रोजा माफ असतो, म्हणून अशा मुलाला सहरीला उठवतही नाहीत. उठवावे. इफ्तारला दस्तरखानावर खजूर वाटायचे काम त्याच्याकडे द्यावे. वेळ लागेल, चार खजूर खाली पडतील, अजान होईपर्यंत निम्म्यांपर्यंतच पोहोचतील. उरलेल्यांनी थोडे थांबावे.