त्रोवार्सी: इटालियनमध्ये 'करमतंय का?'

आजचा एपिसोड एकाच क्रियापदाचा. मिलान, तुरीनला शिकायला किंवा कामाला निघालेल्यांनी तर नीट ऐका. क्रियापद आहे 'त्रोवार्सी'.

'त्रोवारे' म्हणजे सापडणं, शोधून काढणं. त्याला शेवटी 'सी', म्हणजे 'स्वतःला', जोडलं की झालं त्रोवार्सी. याचे रोजचे उपयोग तीन.

पहिला, ठिकाण सांगायला. 'इल द्वोमो सी त्रोवा इन चेंत्रो', म्हणजे कॅथेड्रल शहराच्या मध्यभागी आहे. दुसरा, भेट ठरवायला. 'ची त्रोव्यामो आल्ले ओत्तो', आठ वाजता भेटू.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मिलानच्या एका टीमबरोबर काम करते. टीममध्ये नवीन कोणी आलं की सगळे विचारतात, 'कोमे ती त्रोवी?' आदराने विचारायचं तर 'कोमे सी त्रोवा?' इथे 'तू कुठे आहेस' असा अर्थ नाही हं! आई फोनवर विचारते ना, 'करमतंय का गं तिथे?', तसाच हा प्रश्न.

उत्तर: 'मी त्रोवो बेने', मला इथे बरं वाटतंय, जमतंय. गंमत बघा, इटालियनमधला 'मी' म्हणजे आपला 'मला'. 'मला करमतं' आठवा, विसरणार नाही. तब्येत बरी आहे म्हणायचं असेल तर मात्र क्रियापद वेगळं: 'मी सेंतो बेने'.

भूतकाळात सोबत 'एस्सेरे' लागतं आणि शेवट बोलणाऱ्याप्रमाणे बदलतो. मुलगा म्हणेल 'मी सोनो त्रोवातो बेने', मुलगी म्हणेल 'त्रोवाता'. आपलं 'मी रमलो', 'मी रमले', तसंच.

आता मुद्द्याचं. परक्या गावात कोणी विचारलं की आपण 'सगळं मस्त' म्हणून मोकळे होतो. खोलीवर येऊन मग एकटेच कुढत बसतो. या क्रियापदात खरं बोलायची सोय आहे. 'कोन' म्हणजे 'सोबत' वापरून फोड करून सांगा: 'कोन इ कोल्लेगी मी त्रोवो बेने, कोन ला काझा नो'. सहकाऱ्यांशी जमतंय, घराचं नाही. यात कुणाला दोष दिलेला नाही. आपलं जमत नाहीये, एवढंच सांगितलंय. समोरच्याला कळेल तरी, मदत कुठे हवी ते.

होमवर्क: कॉलेज, हॉस्टेल, ऑफिस, यातलं तुमचं कुठे जमतंय आणि कुठे नाही? दोन वाक्यं इटालियनमध्ये मोठ्याने म्हणा. खरी खरी!