सोलर पॅनल २५ वर्षं टिकेल, पण आतला गोंद?

फोनचं पारदर्शक कव्हर नवं असताना काचेसारखं दिसतं आणि वर्षभरात चहाच्या रंगाचं होतं. शे-दीडशे रुपयांत ते बदलता येतं. पण हाच प्रकार छतावरच्या सोलर पॅनलच्या पोटात झाला तर?

हा प्रश्न मला आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या मीटिंगमुळे पडला. समोर दोन कोटेशन होती. किमतीत बराच फरक, पण दोन्हींवर '२५ वर्षं' छापलेलं. बाबांसकट निम्मे सभासद रिटायर्ड, पैसे एकदाच घालणार. मी इंजिनिअर, म्हणून काम माझ्या गळ्यात. (सॉफ्टवेअरचा आहे, पण सोसायटीत हा फरक कोणी करत नाही.)

पॅनलमध्ये वर काच, तळाला प्लॅस्टिकचं बॅकशीट आणि मध्ये सिलिकॉनचे सेल असतात. या सगळ्यांना धरून ठेवतो तो ईव्हीए. हो, चपलांच्या सोलमधला तोच. फॅक्टरीत त्याचा साधारण अर्धा मिलिमीटरचा थर सेलच्या वर आणि खाली ठेवून, हवा काढून, १५० अंशांच्या आसपास शिजवतात. सिलिकॉन सहसा सहज मरत नाही. म्हातारा होतो तो हा थर.

ऊन आणि उष्णतेने ईव्हीए पिवळा, मग तपकिरी पडतो आणि सेलपर्यंत प्रकाश कमी पोचतो. ओल शिरली की त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. ते सेलवरच्या बारीक धातूच्या रेषा खात बसतं. पुण्यात मे महिन्यात पॅनल भाजून निघतं आणि जूनपासून चार महिने ओल. दोन्हींची सोय आहे!

जुन्या पॅनलमध्ये एक गंमत दिसते. सेल मधोमध तपकिरी, पण कडेला स्वच्छ. कारण बॅकशीटमधून झिरपणारा ऑक्सिजन सेलच्या फटींतून वर येतो आणि कडेचा तपकिरीपणा पुसून टाकतो. मधोमध तो पोचतच नाही. जवळपास जुनं पॅनल असेल तर फोनवर झूम करून बघा.

कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो प्लेन प्रकल्पात १९८० च्या दशकात आरसे लावून पॅनलवर जादा ऊन पाडलं होतं. काही वर्षांतच ईव्हीए तपकिरी झाला आणि वीज घटली. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१३ पासून देशभर फिरून पॅनल तपासली. उष्ण भागातली पॅनल लवकर थकतात, आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छतावरच्या छोट्या सिस्टिमची तब्येत जास्त खराब, असं त्यात दिसलं.

मग सर्टिफिकेट? ओल-उष्णतेच्या चाचणीत पॅनल ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. म्हणजे जेमतेम ४२ दिवस, तेही अंधारात. स्टेजिंगवर पास झालेला कोड प्रॉडक्शनमध्ये काय करतो, हे मला रोज दिसतं.

म्हणून मी दोन्ही व्हेंडरना विचारलं: आत ईव्हीए आहे की पीओई? पीओईतून ॲसिड सुटत नाही आणि ओलही कमी शिरते. तो महाग असतो. दोन्ही बाजूंना काच असलेल्या पॅनलमध्ये तर हे विचाराच, कारण तिथे सुटलेल्या ॲसिडला बाहेर पडायला वाट नसते. दुसरा प्रश्न वॉरंटीचा. २५ वर्षं असतात ती बहुधा वीज किती मिळेल याची. सामान खराब निघालं तर त्याची वॉरंटी वेगळी, बरेचदा १०-१२ वर्षांची.

स्वस्तवाल्याचं उत्तर आलं, "सर, ए-ग्रेड माल आहे." दुसऱ्याने दोन दिवस घेतले, पण आतल्या थरांची यादी पाठवली. रविवारच्या मीटिंगला तिची प्रिंट घेऊन चाललोय.