इंजिनाला कोणतं पाणी पाजावं?

कागलहून बेळगावकडे निघालेल्या मालट्रकचा खरा कस लागतो तो निपाणी ओलांडल्यावर, तवंदीच्या घाटात. इंजिनात जळणाऱ्या डिझेलची जवळपास एक तृतीयांश उष्णता कूलंटला रेडिएटरपर्यंत वाहून न्यावी लागते. हे काम अडलं की गाडी उकळते, हेड गॅस्केट जातं. कूलंट घेताना आपण कंपनी विचारतो, रंग पाहतो. पण घट्ट कूलंटमध्ये निम्मं पाणी ओतताना समोर दिसेल तो नळ सोडतो.

आपल्या भागातला खडक म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. त्यातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. गार असताना ते विरघळलेले राहतात. तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि त्याचा थर बसतो. तोही कुठे, तर जिथे धातू सर्वांत तापलेला असतो तिथेच, सिलिंडरभोवती. ओतीव लोखंडाच्या तुलनेत या थरातून उष्णता विसाव्या भागाहूनही कमी वाहते. तापमानाचा काटा मध्यावर असतानाही आतला धातू भाजत राहतो.

घरी पाहायचं असेल तर स्टीलच्या ताटलीत बोअरच्या पाण्याचे दोन थेंब आणि शेजारी डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब ठेवून वाळू द्या. बोअरच्या थेंबाजागी पांढरं कडं उरेल, दुसरी जागा जवळपास स्वच्छ राहील. कड्यावर लिंबू पिळलं आणि बारीक बुडबुडे आले, तर ते कार्बोनेटच.

‘आम्ही हेच पाणी पितो, मग गाडीला का चालत नाही?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांत आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा योग्य मानला जातो. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. क्लोराइडचे हेच आकडे २५० आणि १००० आहेत. अवजड डिझेल इंजिनांच्या पाण्याची प्रचलित कमाल मर्यादा मात्र जडपणाला १७० आणि क्लोराइडला अवघी ४० मिलिग्रॅम आहे. कॅल्शियम आपल्या हाडांना लागतं, इंजिनाला नाही. क्लोराइड ॲल्युमिनिअमवरचा संरक्षक थर फोडून बारीक छिद्रं पाडतं, आणि हल्लीच्या गाड्यांचे रेडिएटर, सिलिंडर हेड बहुधा ॲल्युमिनिअमचेच असतात. शिवाय काही कूलंटमधली गंजरोधक फॉस्फेटं जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून साक्यासारखी खाली बसतात. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं संरक्षणही वाया.

साखर कारखान्यांनी हे शास्त्र केव्हाच अंगी बाणवलं आहे. बॉयलरला कच्चं पाणी कुणी देत नाही. रस आटवताना वापरलेल्या वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी परत घेतलं जातं, कमी पडेल ते शुद्ध करून भरलं जातं. त्याच कारखान्याच्या वजनकाट्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरला मात्र बोअरचं पाणी मिळतं, हे थांबायला हवं.

करायचं ते सोपं आहे. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर घ्या. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते पाणी चालतं. मात्र ती ॲसिडची बाटली नाही ना, हे लेबल वाचून पाहा. घरच्या आरओच्या पाण्यात थोडे क्षार उरतात, त्यामुळे ते दुय्यम. सॉफ्टनरचं पाणी टाळा, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि क्लोराइड तसंच राहतं. प्रमाण साधारण निम्मं-निम्मं, पण डब्यावर लिहिलेलं अंतिम. कागलच्या उंचीवर साधं पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं, निम्म्या ग्लायकॉलचं (कूलंटमधल्या मुख्य द्रवाचं) मिश्रण १०५ च्या पुढे, आणि झाकणाच्या दाबामुळे त्याहूनही वर. ‘रेडी टू यूज’ कूलंटमध्ये पाणी घालायचंच नाही.

घाटात गाडी उकळलीच, तर इंजिन पूर्ण निवल्याशिवाय झाकण उघडू नका. मग मिळेल ते पाणी भरून गॅरेज गाठा. पण तिथे पोचल्यावर ते काढून, सिस्टिम धुऊन, योग्य मिश्रण भरून घ्या. लहान मोटारीला पाच-सहा लिटर मिश्रण लागतं, म्हणजे चांगलं पाणी जेमतेम तीन लिटर. इंजिनाच्या आयुष्यापुढे हा खर्च काहीच नाही.