पुराचा नकाशा करताना ‘मेमरी एरर’ येतोय? रॅम वाढवण्याआधी हे गणित करा

कोल्हापूर : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी नेमके कुठवर पसरले, हे बंधाऱ्यावरचा आकडा सांगत नाही. त्यासाठी सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडार प्रतिमा उपयोगी पडतात. त्या मोफत मिळतात आणि ढगांतूनही जमीन टिपतात. अडचण येते ती लॅपटॉपवर. पायथन स्क्रिप्ट ‘मेमरी एरर’ देऊन मध्येच बंद पडते.

असे का होते?

जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर आहे. एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा धरला, तर सुमारे ७.७ कोटी पिक्सेल होतात. प्रत्येक आकड्याला ८ बाइट लागले, तर एका प्रतिमेला सुमारे ६१५ एमबी रॅम लागते. अशा ३० प्रतिमा एकदम उघडल्या, की गरज १८ जीबीच्या वर जाते. लॅपटॉपची रॅम मात्र ८ जीबी! डिस्कवर फाइल लहान दिसते, कारण ती कॉम्प्रेस केलेली असते.

दोष कसा शोधायचा?

एरर ज्या ओळीवर येतो, तीच दोषी असते असे नाही. रॅम आधीच भरत आलेली असते. लिनक्सवर तर कधी कधी फक्त ‘किल्ड’ एवढेच दिसते. पायथनमधले ‘ट्रेसमॅलॉक’ कोणत्या ओळीने किती मेमरी घेतली, ते दाखवते. स्क्रिप्ट एका, मग दोन, मग चार प्रतिमांवर चालवून पाहा. मेमरी त्याच पटीत वाढत असेल, तर काम झालेल्या प्रतिमाही रॅममध्येच राहत आहेत.

उपाय काय?

• ८ ऐवजी ४ बाइटचा आकडा वापरा, मेमरी निम्मी लागेल. ‘पाणी आहे की नाही’ एवढ्यासाठी १ बाइट पुरतो.
• प्रतिमा तुकड्यांत वाचा. १,००० बाय १,००० पिक्सेलचा तुकडा घेतला, तर ३० प्रतिमांनाही २४० एमबी पुरते.
• प्रत्येक तुकड्याचा निकाल लिस्टमध्ये साठवू नका, लगेच फाइलमध्ये लिहा.

हे टाळा

पिक्सेल १०० मीटरचा केला, तर मेमरी शंभरपट कमी लागते आणि एररही जातो. पण मग एक पिक्सेल एक हेक्टरचा, म्हणजे अडीच एकरांचा होतो. नुकसानीचा हिशेब गुंठ्यांत करणाऱ्या नदीकाठच्या शेतकऱ्याला तो नकाशा उपयोगाचा राहत नाही.