केशराच्या डबीत करडई

गुलमंडीवरच्या किराणा दुकानात केशर फळीवर नसतं, गल्ल्याजवळ असतं. दिवाळीची बासुंदी असो की ईदचा शीरखुर्मा, छत्रपती संभाजीनगरात ते ग्रॅमवरच मागितलं जातं. एका ग्रॅमसाठी साधारण दीडशे फुलं लागतात. प्रत्येक फुलात तंतू तीनच, तेही हातानं खुडायचे. एवढा महाग माल म्हटल्यावर भेसळ आलीच. तिचं एक जुनं साहित्य मराठवाड्याच्या रानात दर रब्बीला फुलतं: करडईच्या पाकळ्या.

केशरातलं औषध मुख्यतः तीन घटकांत आहे. रंग क्रोसिनचा (तापाच्या गोळीशी त्याचा काही संबंध नाही). गाजरातल्या कॅरोटीनच्याच कुळातलं हे द्रव्य, पण त्याला साखर जोडलेली असल्यानं ते पाण्यात विरघळतं. कडवट चव पिक्रोक्रोसिनची. तंतू वाळताना त्याचं विघटन होऊन सॅफ्रानल तयार होतं आणि तेव्हा कुठे तो ओळखीचा वास येतो. ताज्या तंतूला तो जेमतेमच. सॅफ्रानल उडून जाणारं आहे. त्यामुळे बासुंदी रटरटत असताना केशर टाकलं, तर वास वाफेबरोबर जातो. कोमट दुधात भिजवून ते शेवटी घालावं. आयएसओ 3632 या आंतरराष्ट्रीय मानकात केशराची प्रत या तिन्ही घटकांच्या मोजमापावरूनच ठरते.

औषध म्हणून सर्वांत भक्कम काम नैराश्यावर झालंय. तेहरानमध्ये 2004 साली सौम्य ते मध्यम नैराश्याच्या 30 रुग्णांना सहा आठवडे केशराचा अर्क, रोज 30 मिलिग्रॅम, किंवा इमिप्रामिन हे प्रचलित औषध दिलं. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. पुढे फ्लुओक्सेटिनशीही अशीच तुलना झाली. गट लहान होते, हे विसरू नये. आणि 30 मिलिग्रॅम म्हणजे किती? वजनानं तेरा-चौदा काड्या. दुधावर तरंगणाऱ्या दोन काड्यांनी मन प्रसन्न होत असेल, तर श्रेय दुधाला आणि देणाऱ्यालाही द्यावं.

गरोदर सुनेला ‘बाळ गोरं होईल’ म्हणून केशर-दूध देतात, त्याला मात्र काडीचा आधार नाही. कातडीचा रंग आई-बापाकडून येतो. उलट गरोदरपणात मोठी मात्रा धोक्याची. रक्त पातळ करणाऱ्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर केशराच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

आता डबी उघडा. एक काडी गार पाण्यात टाकून पाच मिनिटं थांबा. अस्सल काडी फुगते, तिचं टोक तुतारीसारखं उमलतं आणि कडेला बारीक दाते दिसतात. पाणी हळूहळू पिवळं होतं, काडी लालच राहते. करडईची असेल तर बारीक नळी आणि तिच्या टोकाला पाच चिंचोळ्या पाकळ्या दिसतील. वास जवळजवळ नाहीच. वरच्या तीन घटकांतला एकही करडईत नसतो. म्हणजे भेसळीत पैशांबरोबर औषधही जातं.

पण करडई बिचारी बदनाम होते ती व्यापाऱ्यामुळे. चिनी वैद्यकात तिच्या पाकळ्या रक्ताभिसरणासाठी शतकानुशतकं वापरात आहेत. आपल्याकडे ज्वारीच्या कडेनं ती लावतात, कारण काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. कोवळ्या पानांची भाजी, बियांचं घाण्याचं तेल, एवढं झालं की पाकळ्यांकडे कोणी पाहत नाही. पाकळ्या वेचायच्या तर तेच काटे हाताला लागतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्यांचे वाण काढले, पाकळ्यांच्या चहावरही काम केलं. परभणीच्या कृषी विद्यापीठातही करडईवर संशोधन चालतं. तो चहा करडईच्याच नावानं गुलमंडीवर आला, तर मी विकत घेईन.