प्युरिफायरच्या खोक्यावरची वाढती अक्षरं

दहा कंपन्यांचे प्युरिफायर उघडून पाहिले, तर आत बहुधा तेच सापडतं: गाळण्या, कार्बन, आरओचा पडदा, यूव्ही दिवा. मग वेगळं दिसायचं कसं? खोक्यावर अक्षरं वाढत जातात आणि त्यांच्या मागोमाग किंमत.

सर्वांत घातक समज विक्रेत्याच्या प्रयोगातून पसरतो. नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली की पाणी तपकिरी होतं, आरओचं मात्र नितळ राहतं. पाहणारा घाबरतो. पण तो गाळ पाण्यातला नसतोच. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते, लोखंडी सळई झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला लावा, तेही गढूळ होईल.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, कमी असलं की पाणी शुद्ध, असंही नाही. मीटर विजेच्या वहनावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला कळत नाहीत. काविळीचे विषाणू असलेल्या पाण्याचा आकडाही 80 असू शकतो. उलट भारतीय मानकानुसार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी पिण्यायोग्य आहे.

टप्पे वाढले म्हणून शुद्धता वाढत नाही. आरओची छिद्रं यूएफच्या (अल्ट्राफिल्ट्रेशनच्या) पडद्यापेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे पुढे यूएफला अडवायला फारसं उरत नाही. यंत्रातल्या तांब्याच्या टप्प्याचंही तसंच. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात हे खरं; पण आरओ-यूव्हीतून आलेल्या पाण्यात मारायला जंतू उरायलाच नकोत. टीडीएस कंट्रोलरचं मात्र मला भय वाटतं. अनेक यंत्रांत तो आरओला वळसा घालून आलेलं पाणी पुन्हा मिसळतो. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असेल, तर जे काढायला यंत्र घेतलं तेच थोडं परत पेल्यात येतं.

आरओ निरुपयोगी नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा किंवा यवतमाळ-चंद्रपूरची फ्लोराइडग्रस्त गावं, तिथे त्याची खरी गरज आहे. भातसा-वैतरणेचं पाणी पिणाऱ्या मुंबईत क्षार मुळातच कमी. तिथे काळजी गळक्या जलवाहिन्यांची आणि सोसायटीच्या टाकीची, आणि तिला उकळणं किंवा यूव्ही पुरतं. घरगुती आरओ एका लिटरमागे अनेकदा तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. म्हणून यंत्र निवडण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ती होते.